शिकागोचं शेड मत्स्यालय: तीन पिढ्यांच्या सहलीचा आराखडा

शिकागो शहरापासून समुद्र हजारेक किलोमीटर दूर आहे. तरीही १९३० साली या शहराने समुद्री माशांसाठी घर उभारलं, आणि त्यासाठी खारं पाणी चक्क आगगाडीने आणलं. फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाच्या की वेस्ट बेटावरून टाक्यांच्या २० डब्यांनी ८ खेपा केल्या आणि सुमारे १० लाख गॅलन, म्हणजे जवळजवळ ३८ लाख लिटर पाणी शिकागोत पोचवलं. आज तसं करावं लागत नाही. शहराचंच पाणी गाळून त्यात मोजून क्षार मिसळतात.

उन्हाळ्यात मुलाकडे किंवा मुलीकडे अमेरिकेत आलेले आई-वडील, शाळेला सुट्टी असलेली नातवंडं आणि दोनच दिवसांची मोकळीक मिळालेले नोकरदार, अशा तीन पिढ्या एकत्र निघतात तेव्हा शेड मत्स्यालयाचं नाव हमखास पुढे येतं. मुंबईकर आजी-आजोबांच्या मनात १९५१ साली चर्नी रोडला सुरू झालेलं तारापोरवाला मत्स्यालय असतं, त्यामुळे ‘मासे बघायला जाऊ’ म्हटलं की त्यांचाही उत्साह नातवंडांइतकाच असतो.

पण इतक्या लांब आलोच आहोत, तर एका दिवसात सगळं उरकून घेऊ, या घाईत अशा सहली फसतात. मत्स्यालय, दोन संग्रहालयं, उंच इमारत, बोटीची फेरी असं सगळं एका दिवसात कोंबलं की संध्याकाळी आजोबांचे गुडघे बोलायला लागतात, धाकटं पोर खांद्यावर झोपतं आणि काय पाहिलं ते कुणालाच धड आठवत नाही. म्हणून या लेखातला सल्ला एका वाक्यात सांगायचा तर असा: सकाळ पूर्ण मत्स्यालयाला द्या, दुपारी मोकळ्या हवेतलं एकच ठिकाण घ्या आणि बाकीचं पुढच्या खेपेला ठेवा.

जागेची ओळख

जॉन शेड हे शिकागोच्या ‘मार्शल फील्ड’ या प्रसिद्ध दुकानाच्या कंपनीचे अध्यक्ष. मत्स्यालयासाठी त्यांनी ३० लाख डॉलर दिले, पण ते उभं राहिलेलं पाहायला ते नव्हते. १९२६ मध्ये त्यांचं निधन झालं. मिशिगन सरोवराच्या अगदी काठावरची ही संगमरवरी, ग्रीक देवळासारखी इमारत बाहेरूनच नीट पाहण्यासारखी आहे. माथ्यावर समुद्रदेवाचा त्रिशूळ आहे. भिंती, दारं आणि दिव्यांच्या नक्षीत शंख, कासवं, लाटा दडलेल्या आहेत. दारावरची रांग सरकेपर्यंत मुलांना ‘किती जलचर सापडतात ते मोजा’ म्हणावं, वेळ छान जातो.

शेजारीच फील्ड संग्रहालय आणि अ‍ॅडलर तारांगण आहे. या तिन्हींना मिळून म्युझियम कॅम्पस म्हणतात. पूर्वी फील्ड आणि शेड यांच्या मधून लेक शोअर ड्राइव्ह या हमरस्त्याची एक बाजू वाहत होती. १९९०च्या दशकात तो रस्ता पश्चिमेला सरकवला आणि तिथे हिरवळ आली. आज मुलं जिथे निर्धास्त धावतात, तिथे त्याआधी गाड्या धावत होत्या.

केव्हा जावं

जून ते सप्टेंबर हे महिने सोयीचे, कारण मत्स्यालयाच्या बाहेरचा सरोवरकाठही सहलीचाच भाग आहे. हिवाळ्यात आत ऊब असते, पण तळ्यावरून येणारा वारा बोचरा असतो आणि भारतातून नुकत्याच आलेल्या माणसाला दहा मिनिटांची चालही नको होते.

जमलं तर मंगळवार-बुधवारसारखा मधला वार निवडा आणि दार उघडायच्या वेळीच पोचा. पहिल्या दीड तासात काचेसमोर उभं राहायला जागा मिळते. दुपारी त्याच काचेसमोर चार रांगा असतात आणि लहान मुलांना पुढच्यांच्या पाठी तेवढ्या दिसतात.

दोन गोष्टी आधी तपासून घ्याव्यात. एक, शेजारच्या सोल्जर फील्ड मैदानावर त्या दिवशी सामना किंवा मोठा कार्यक्रम आहे का. असेल तर गाडी लावायला जागा मिळणं कठीण आणि भावही चढलेले. दोन, जुलैअखेर-ऑगस्टच्या सुरुवातीला ग्रँट पार्कमध्ये लोलापलूझा हा चार दिवसांचा संगीत महोत्सव असतो. त्या दिवसांत आसपासचे रस्ते बंद असतात आणि गर्दी अफाट. लहान मुलं आणि ज्येष्ठ बरोबर असतील तर ते दिवस टाळलेले बरे.

तिकिटांचं गणित

तिकीट वेळेच्या टप्प्यानुसार मिळतं, म्हणून घरूनच ऑनलाइन काढावं. सुट्टीच्या दिवसांत सकाळचे टप्पे आधी भरतात. इलिनॉय राज्यातल्या रहिवाशांसाठी वर्षातले काही दिवस प्रवेश मोफत असतो. त्यासाठी राज्यातला पत्ता असलेलं ओळखपत्र लागतं आणि नावनोंदणीही आधीच करावी लागते. भारतातून आलेल्या पाहुण्यांना ही सवलत नसते. शिवाय मोफत दिवशी गर्दी दुप्पट वाटते. आई-वडील बरोबर असतील तर पैसे भरून शांत दिवशी जाणंच शहाणपणाचं.

सिटीपास नावाचं एकत्रित तिकीट मिळतं, त्यात शेडचा समावेश असतो. थोड्या दिवसांत बरीच ठिकाणं खरोखर बघणार असाल तरच ते परवडतं. पास घेतला म्हणून पळापळ करायची, असं होत असेल तर तो स्वस्त पडत नाही.

कसं पोचावं

शहरातल्या एल गाडीचं रूझवेल्ट स्थानक जवळ पडतं. लाल, हिरवी आणि नारिंगी अशा तिन्ही मार्गांच्या गाड्या तिथे थांबतात. तिथून मत्स्यालयापर्यंत पंधरा-वीस मिनिटांची चाल आहे. तेवढं चालणं जमत नसेल तर शहराच्या मध्यभागातून येणारी १४६ क्रमांकाची बस थेट म्युझियम कॅम्पसपर्यंत आणते. नेपरव्हिल, ऑरोरा अशा उपनगरांतून येणाऱ्यांना मेट्रा रेल्वेने युनियन स्टेशन गाठून पुढे टॅक्सी करता येते. चौघे-पाचजण असाल तर टॅक्सी अंगावर येत नाही. उन्हाळ्यात नेव्ही पिअरपासून पाण्यावरची टॅक्सीही चालते. मुलांना तो प्रवासच वेगळी सहल वाटतो.

मुख्य दाराला बऱ्याच पायऱ्या आहेत. बाबागाडी किंवा व्हीलचेअर असेल तर पायऱ्या टाळून आत जाण्याची वाट आहे. व्हीलचेअर तिथे मिळेल का, हे तिकीट काढतानाच विचारून ठेवावं. आईबाबा ‘काही नको, मी चालते’ म्हणतील, तरी सोय हाताशी असू द्यावी. चार तास उभं राहणं चालण्यापेक्षा जास्त दमवतं.

आत काय आणि कोणत्या क्रमाने

दारातून आत आलं की बहुतेक लोक मधल्या घुमटाखालीच रेंगाळतात. आपण आधी सर्वांत लांबचं दालन गाठावं आणि मग परत फिरत यावं. इमारतीत सध्या मोठं नूतनीकरण चालू आहे. शताब्दीपर्यंत, म्हणजे २०३० पर्यंत, दालनं बदलत राहणार आहेत. म्हणून जायच्या आदल्या दिवशी नकाशा नव्याने पाहून घ्यावा. पाहण्यासारखं मुख्य असं:

*प्रवाळाचं दालन.* २००३ साली खालच्या मजल्यावर सुरू झालेलं हे दालन फिलिपिन्समधल्या आपो बेटाभोवतीच्या प्रवाळभिंतीवर बेतलेलं आहे. शार्कची टाकी सुमारे ४ लाख गॅलनची आहे आणि तिची काच डोक्यावर वळलेली आहे. शार्क वरून जातो तेव्हा त्याचं पांढरं पोट दिसतं. पाठ गडद आणि पोट फिकट का, हे मुलांना इथेच सांगावं. वरून पाहणाऱ्याला तो खोल पाण्याच्या अंधारात मिसळलेला दिसतो, खालून पाहणाऱ्याला उजेडात.

*ओशनेरियम.* १९९१ मध्ये जोडलेल्या या भागात पांढरे बेलुगा देवमासे, डॉल्फिन, समुद्री सिंह आणि समुद्री ऊदमांजरं आहेत. टाकीमागे भली मोठी काच आहे आणि काचेपलीकडे मिशिगन सरोवर. आतलं पाणी आणि बाहेरचं पाणी एकच असल्यासारखं वाटतं. बेलुगाची मान वळते, कारण इतर बहुतेक देवमाशांसारखे तिचे मणके एकमेकांना जुळलेले नसतात. त्याचं कपाळ मऊ असतं आणि आवाज काढताना त्याचा आकार बदलतो. पिल्लू जन्मतः करडं असतं, मोठं होता होता पांढरं पडतं. ऊदमांजराच्या अंगावर एका चौरस इंचात १० लाखांपर्यंत केस असतात. त्याला देवमाशासारखा चरबीचा थर नसतो, थंडीपासून ही लोकरच त्याला वाचवते. म्हणूनच समुद्रात तेल सांडलं की ते आधी मरतं. केस चिकटले की गारठा थेट कातडीला भिडतो.

*अ‍ॅमेझॉन.* हे दालन मराठी माणसाला चटकन उमगतं, कारण त्याचा विषय म्हणजे पूर. अ‍ॅमेझॉनचं पाणी पावसात काही ठिकाणी ९ मीटरपर्यंत चढतं आणि मासे चक्क झाडांच्या फांद्यांमधून पोहतात. जंगलाचं एक वर्ष, पाणी चढण्यापासून ओसरण्यापर्यंत, इथे क्रमाने दाखवलं आहे. कोकणातल्या आजीला इथे नातवंडांना सांगण्यासारखं बरंच काही आठवेल.

*महासरोवरांचे मासे.* लोक या भागातून भरभर जातात, पण इथे थांबावं. बाहेर पसरलेलं मिशिगन सरोवर गोड्या पाण्याचं आहे आणि क्षेत्रफळ सुमारे ५८ हजार चौरस किलोमीटर. पाचही महासरोवरांत मिळून जगातल्या पृष्ठभागावरच्या गोड्या पाण्याचा जवळजवळ पाचवा हिस्सा आहे. त्या पाण्यातला स्टर्जन मासा इथे बोटांनी हलकेच स्पर्श करून पाहता येतो. डायनोसॉरच्या काळापासून चालत आलेलं त्याचं कूळ आहे. खवल्यांऐवजी त्याच्या अंगावर हाडांच्या ढाली असतात.

*निकेल नावाची कासवीण.* फ्लोरिडाजवळ बोटीच्या पंख्याने जखमी झालेली ही हिरवी समुद्री कासवीण २००३ साली शेडमध्ये आली. तपासणीत तिच्या घशात पाच सेंटचं नाणं, म्हणजे निकेल, सापडलं आणि तेच तिचं नाव पडलं. जखमेमुळे तिचा मागचा भाग वर तरंगतो, तिला खोल बुडी नीट मारता येत नाही. ती सध्या कुठल्या टाकीत आहे हे दाराशी विचारून घ्यावं. मुलं तिला विसरत नाहीत.

हे सगळं नीट पाहायला साडेतीन ते चार तास लागतात. तेवढा वेळ नसेल तर तीन दालनं निवडा आणि प्रत्येक ठिकाणी बसा. टाकीसमोर दहा मिनिटं शांत बसलं की जे दिसतं, ते चालता चालता दिसत नाही. कोण कुणाला हुसकावतं, कोण दगडामागे लपतं, कोण दुसऱ्याच्या अंगावरचा कचरा खातं, हे सगळं हळूहळू उलगडतं. फोटो काढायचा तर फ्लॅश बंद ठेवावा.

मुलांच्या एका प्रश्नाची तयारी

‘आई, हे इथे का कोंडलेत?’ हा प्रश्न साधारण पाच वर्षांपुढचं प्रत्येक मूल डॉल्फिनसमोर विचारतं. तो टाळू नये. खुल्या समुद्रात दिवसाला कित्येक मैल पोहणारे सस्तन प्राणी टाकीत ठेवावेत का, यावर जगभर गंभीर वाद आहे आणि दोन्ही बाजूंना प्राण्यांवर प्रेम करणारी माणसं आहेत. मुलाला तसंच सांगावं. निकेलसारखा प्राणी समुद्रात परत सोडला तर जगणं कठीण, हे सांगावं. १९८९ मध्ये अलास्कात एक्झॉन व्हाल्डीझ जहाजातून तेल सांडलं, तेव्हा वाचवलेल्या ऊदमांजरांपैकी काही इथे वाढली, हेही सांगावं. शेडचं स्वतःचं संशोधनाचं जहाज बहामाच्या समुद्रात फिरतं. आणि तरीही टाकी म्हणजे समुद्र नव्हे, हेही प्रामाणिकपणे म्हणावं. ज्या मुलाला खरं उत्तर मिळतं, ते पुढची टाकी जास्त काळजीने पाहतं.

पोटाची व्यवस्था

आत खाण्याची सोय आहे, पण गर्दीच्या वेळी रांग लांब असते आणि शाकाहारी माणसाला निवडीला फारसं काही मिळत नाही. त्यापेक्षा दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, बटाट्याची कोरडी भाजी असा डबा बांधून घ्यावा आणि मत्स्यालय पाहून झाल्यावर बाहेरच्या हिरवळीवर, सरोवराकडे तोंड करून बसावं. ज्येष्ठांच्या औषधांच्या वेळा त्यात नीट बसतात. पाण्याच्या बाटल्या, टोप्या आणि प्रत्येकाचा एक पातळ स्वेटर विसरू नका. बाहेर ऊन असलं तरी आत वातानुकूलन गार असतं आणि तळ्यावरचा वारा दुपारी अचानक फिरतो.

रात्रीच्या गरम जेवणासाठी शहराच्या उत्तरेकडे डेव्हॉन अव्हेन्यू आहे. त्याच्या एका भागाला गांधी मार्ग म्हणतात. डोशापासून मिठाईपर्यंत सगळं तिथे मिळतं. मात्र म्युझियम कॅम्पसपासून ते चांगलंच लांब आहे. संध्याकाळच्या रहदारीत तासभर धरावा.

दुपारनंतर: यांपैकी एकच

*अ‍ॅडलरची वाट.* चालायची ताकद थोडीच उरली असेल तर हा पर्याय. शेडपासून पाण्याच्या कडेने दहा-बारा मिनिटं चाललं की अ‍ॅडलर तारांगण येतं. हेही १९३० सालचं आणि पश्चिम गोलार्धातलं पहिलं तारांगण. आत गेलं नाही तरी चालेल. तिथून वळून पाहिलं की निळ्या पाण्यापलीकडे शिकागोच्या सगळ्या उंच इमारती एका ओळीत उभ्या दिसतात. कुटुंबाचा फोटो इथे काढावा.

*बकिंगहॅम कारंजं.* शेडपासून उत्तरेला पंधरा-वीस मिनिटांवर. केट बकिंगहॅम यांनी भावाच्या स्मरणार्थ १९२७ मध्ये ते शहराला दिलं. त्यातल्या समुद्री घोड्यांच्या चार जोड्या म्हणजे मिशिगन सरोवराला लागून असलेली चार राज्यं. उन्हाळ्यात ठरावीक वेळाने मधली धार सुमारे ४५ मीटर उंच उडते. बाकांवर बसून पाहायचं, तिकीट नाही.

*मिलेनियम पार्क.* मुलांत अजून दम असेल तर टॅक्सीने इथे यावं. चकचकीत पोलादाचं, घेवड्याच्या दाण्याच्या आकाराचं ‘क्लाउड गेट’ हे शिल्प अनिश कपूर यांचं, आणि कपूर यांचा जन्म १९५४ साली मुंबईत झाला. १६८ पत्रे जोडून त्यांचे सांधे इतके घासले आहेत की एकही दिसत नाही. खाली उभं राहून वर पाहिलं की अख्खं कुटुंब वाकडंतिकडं दिसतं. जवळच्या क्राउन कारंज्यात उन्हाळ्यात मुलं भिजतात, म्हणून कपड्यांचा एक जोड जास्त ठेवा. इथेही तिकीट लागत नाही.

दुसरा दिवस हाताशी असेल तर

फील्ड संग्रहालय आणि आर्ट इन्स्टिट्यूट यांपैकी एक निवडा, दोन्ही नकोत.

मुलांना डायनोसॉरचं वेड असेल तर फील्ड. १९९० मध्ये साउथ डाकोटात सापडलेला ‘सू’ हा टी-रेक्सचा सांगाडा तिथे आहे. १९९७ च्या लिलावात त्याला ८० लाख डॉलरहून जास्त किंमत आली. भारतीय माणसाने तिथले त्सावोचे दोन सिंहही पाहावेत. १८९८ मध्ये आजच्या केनियात रेल्वेचा पूल बांधताना या आयाळ नसलेल्या सिंहांनी मजुरांना ओढून नेलं. त्या मजुरांत भारतातून गेलेले पुष्कळ होते. काचेमागचे ते पेंढा भरलेले सिंह पाहताना, घरापासून हजारो मैलांवर तंबूत रात्र काढणारी ती माणसं आठवावीत.

आजी-आजोबांच्या मनाला भिडेल असं ठिकाण मात्र आर्ट इन्स्टिट्यूट. ११ सप्टेंबर १८९३ रोजी स्वामी विवेकानंद सर्वधर्म परिषदेत बोलले ते याच इमारतीच्या आवारात. समोरच्या मिशिगन अव्हेन्यूच्या एका भागाला त्यांचं मानाचं नाव दिलेलं आहे. २०१० मध्ये मुंबईचे चित्रकार जितीश कल्लाट यांनी त्या भाषणाचे शब्द आतल्या भव्य जिन्याच्या पायऱ्यांवर दिव्यांनी उमटवले होते. आजही तो जिना चढताना पायांची गती आपोआप मंदावते. हे संग्रहालय आठवड्यातून काही दिवस बंद असतं, तेव्हा वार बघून ठरवावं.

एका दिवसाचं वेळापत्रक

- सकाळी दार उघडताना हजर. आधी प्रवाळाचं दालन, शार्क.
- त्यानंतर ओशनेरियम. तिथे ज्येष्ठांनी बसून घ्यावं, मुलांनी खालच्या काचेतून तेच प्राणी पाण्याखाली पाहावेत.
- मग अ‍ॅमेझॉन आणि महासरोवरांचे मासे. निकेल दिसली तर उत्तम.
- एकच्या सुमारास बाहेर. हिरवळीवर डबा आणि अर्धा तास पाय पसरून विश्रांती.
- अडीचनंतर अ‍ॅडलरची वाट, कारंजं किंवा मिलेनियम पार्क. यांपैकी एक.
- पाचच्या आत परतीला. संध्याकाळची गर्दी टळते.

जाता जाता एका माशाची गोष्ट

१९३३ मध्ये शिकागोत भरलेल्या जागतिक प्रदर्शनासाठी ऑस्ट्रेलियातून एक फुफ्फुसमासा शेडमध्ये आला. कल्ले असूनही हा मासा हवेत श्वास घेऊ शकतो. तो इतकी वर्षं जगला की लोक त्याला ‘ग्रँडडॅड’, म्हणजे आजोबा म्हणू लागले. फेब्रुवारी २०१७ मध्ये तो गेला, तेव्हा त्याला तिथे येऊन ८३ वर्षांहून अधिक काळ लोटला होता. फार हालचाल न करणारा, तळाशी लाकडाच्या ओंडक्यासारखा पडून असलेला हा मासा. लहानपणी वडिलांचं बोट धरून त्याला पाहिलेली मुलं पुढे स्वतःच्या नातवंडांना घेऊन आली, आणि तो तिथेच होता.

तो आता नाही. पण तुमच्या घरातले आजी-आजोबा आज तुमच्याबरोबर काचेसमोर उभे आहेत, आणि व्हिसाची मुदत संपली की परत जाणार आहेत. म्हणून यादीतलं एखादं ठिकाण राहिलं तर राहू द्या. नातू आजोबांना बोट दाखवून ‘तो बघा, तो बघा’ म्हणत असेल, तर त्यांना पुढे चला म्हणू नका.